उजव्या हाताला डोंगर

चहा ओतता ओतता काकांनी विचारलं, "आज तिथी कुठली?"

मी मोबाइलकडे हात नेला, तोवर आईनं सांगूनही टाकलं. "काल संकष्टी झाली. आज पंचमी."

"पाचाची पाऊणपट पावणेचार," काका म्हणाले. "पावणेचारला भरती. म्हणजे दहाच्या सुमारास पाणी पार खाली गेलेलं असेल. साडेआठला चढायला लागा, दहापर्यंत खडकावर उतरा. आणि अकराच्या आत वाळूला पाय लागले पाहिजेत. फोटो काढत बसू नका."

हरिहरेश्वराला आम्ही ज्यांच्या वाडीत उतरलो होतो, ते हे काका. नात्याचे नाहीत, पण दोन दिवस त्यांच्या ओटीवर काढल्यावर दुसरं काही म्हणवेना. मी त्यांना तो हिशेब परत सांगायला लावला. शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्यामागून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्या पन्नास मिनिटांचा पाऊण तास केला आणि हिशेब बोटांवर आणला. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी लोटायला आणि खडकावर उतरायला तेवढं पुरतं.

आदल्या रात्री आई वाडीच्या गडग्याशी चंद्राची वाट बघत बसली होती. सुपाऱ्यांच्या मधून तो वर यायला नऊ वाजून गेले. पूर्वी झाडी दाट होती, आणखी उशिरा दिसायचा, असं काकू म्हणाल्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचं नाव बाजारात होतं ती सुपारी मुळापासून उपटून एकमेकींवर पडली. काकांनी लावलेली नवी रोपं आता माणसाच्या उंचीच्या वर गेली आहेत, त्यांच्या डोक्यावर आभाळ मोकळं आहे. त्या मोकळ्या आभाळात चंद्र आला, आईनं पाणी सोडलं, हात जोडले आणि मग तिचं पान वाढलं. जेवायला ज्याची ती वाट बघत होती, तोच सकाळी माझ्या वाटेवरचं पाणी ओढून घेणार होता. आई उपासासाठी तिथी ध्यानात ठेवते, काका पाण्यासाठी. या दोघांचं पंचांग एकच आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रायगड जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते. तिच्या पायथ्याशी हरिहरेश्वराचं देऊळ. पेशव्यांचं हे कुलदैवत, कोकणातल्या किती तरी घरांचंही, आणि आमचंही. इथला रिवाज असा की आधी काळभैरवाला जायचं, मग हरिहरेश्वराला आणि निघताना पुन्हा काळभैरवाला. आणि ज्याच्या पायात बळ आहे त्यानं प्रदक्षिणा करायची. ती देवळाभोवती नाही. ती डोंगराला घालायची असते. देवळामागून पायऱ्यांनी वर, डोंगराच्या पलीकडे खाली समुद्रात उतरलेल्या खडकांवर आणि मग पाण्याच्या कडेकडेनं पुन्हा देवळाशी. डोंगर सारा वेळ उजव्या हाताला.

मी पहिल्यांदा निघाले तेव्हा अकरा वर्षांची होते. 1989 ची दिवाळी, भाऊबीज होऊन गेली होती. बाबांना सुट्टी थोडी, त्यामुळे सगळं घाईत. देवळात अभिषेक उरकेपर्यंत अकरा वाजले. तिथी कुणी विचारली नाही. आता हिशेब करते आणि अंगावर काटा येतो. तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला, आणि अमावास्येच्या मागचं उधाण. आम्ही चढत्या पाण्याच्या तोंडावर निघालो होतो.

डोंगर चढून, पलीकडच्या पायऱ्या उतरून खडकावर आलो तोवर सगळं ठीक होतं. मी पुढे पळत होते. देऊळ अगदी जवळ आलं, कळसही दिसायला लागला होता, तिथे खडकाला एक भेग आडवी पडली होती. तीन-साडेतीन हात रुंद. तिच्यात पाणी शिरायचं, आत कुठेतरी दबकं धडाम् व्हायचं आणि पांढरा फेस आमच्या डोक्याच्या वर उडून खाली यायचा. मग पाणी मागे जायचं आणि तेवढ्या वेळात भेग साधीशी वाटायची, उडी मारून जाण्याजोगी.

बाबा म्हणाले, "लाट मागे गेली की मारू उडी. पलीकडे दहा पावलांवर वाट आहे."

आईनं माझा दंड धरला होता. तिची बोटं मला अजून आठवतात. ती म्हणाली, "मागे फिरायचं."

"अग, अर्ध्यातून? प्रदक्षिणा अर्धी टाकून जायचं?"

"शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. पाणी आलं की मागे फिरायचं."

शंकराच्या देवळात जाणाऱ्याला हे ठाऊक असतं. पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी शाळुंकेवरून ज्या नाळेनं बाहेर पडतं, ती ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं उलट फिरून नाळेच्या दुसऱ्या बाजूला यायचं. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात तिला. वर्तुळ पुरं करायचं नाही, असा त्या प्रदक्षिणेचा नियमच आहे.

बाबांनी तरीही एकदा करून बघितलं. "हा नुसता शंकर नाही. हरी आणि हर, दोन्ही आहे."

"पाणी दिसतंय ना समोर?" आई म्हणाली. "मग आत्ता तो शंकर आहे."

आम्ही फिरलो. तोच खडक, तीच जाळी पडलेली दरड, आता डाव्या हाताला. परतताना पायऱ्यांच्या तळाशी पाणी माझ्या चपलांना लागलं. धापा टाकत माथ्यावर पोचल्यावर बाबांनी खाली बघितलं. भेग दिसत नव्हती, ज्या खडकावर उभं राहून ते वाद घालत होते तो खडकही दिसत नव्हता. ते काही बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी आईच्या कपाळावरचा घाम पुसला. माझ्यासमोर त्यांनी असं आधी कधी केलं नव्हतं.

बाबा आता नाहीत. आईचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. या वेळी ती सभामंडपात खांबाला टेकून बसली आणि मी एकटी निघाले.

सह्याद्रीतले पुष्कळ गड मी चढले आहे, त्यामुळे चढ म्हटलं की मन आपोआप माथ्याकडे धावतं. माथा आला की काम झालं, उतरणं हा केवळ उपचार. या डोंगरावर ती सवय उपयोगी पडत नाही. उंची फार नाही. पण पायऱ्या लहानमोठ्या आहेत, कुठे गुडघ्याएवढी एक, कुठे वीतभर उंचीच्या तीन. त्यामुळे चालीला लय सापडत नाही, श्वासही तुटत राहतो. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, समुद्राच्या वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या. सकाळच्या साडेआठला पाठीवर ऊन होतं आणि तोंडावर वारा गार. माथ्यावर आले आणि नेहमीच्या सवयीनं थांबले, तर पायाखालची वाट न थांबता पलीकडे उतरून गेलेली. इथे जिंकायला शिखर ठेवलेलंच नाही. या डोंगराला बगल द्यायची असते, त्याला हाताशी ठेवून चालायचं असतं. म्हाताऱ्या माणसाबरोबर रस्त्यानं चालताना आपण त्याच्या चालीनं, त्याच्या अंगानं चालतो, काहीसं तसं.

तरी मी माथ्यावर थोडी रेंगाळले, कारण तिथून सावित्री दिसते. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जिची धार गोमुखातून कृष्णेच्या धारेसोबत पडते, तीच ही. कृष्णा तिथून पूर्वेला वळते आणि सारा द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कोकणात कोसळते आणि पोलादपूर, महाड करत एवढ्या थोड्या अंतरात इथे येऊन संपते. मुखाच्या पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. जरा आत बागमांडल्याहून वेसवीला जाणारी जंगलजेटी गाड्या पोटात घेऊन सावकाश नदी ओलांडते. त्या दिवशी पाणी इतकं शांत होतं की नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते रंगावरूनच काय ते ओळखावं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ या नदीच्या पुरात जुना पूल गेला, त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या गाड्या आणि त्यांतली माणसं गेली. पुढचे कित्येक दिवस त्यांचा शोध चालला होता, पार या मुखापर्यंत. माथ्यावरून त्या निवांत पाण्याकडे बघताना ते आठवतंच. मी हात जोडले.

मग उतार लागतो. दोन उभ्या कड्यांच्या मधे एक फट आहे आणि तिच्यातून पायऱ्या सरळ समुद्राकडे सोडल्या आहेत. इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरावे लागत नाहीत, कोपरंच दगडाला लागतात. खालून वारा वर चढतो, ओढणी तोंडावर उडवतो आणि त्याच्याबरोबर लाटेचा आवाज येतो, समुद्र दिसण्याआधी. पायरीगणिक तो आवाज घुमत मोठा होत जातो. मी दगडाला हात धरून उतरत होते. दगड गार होता, ओलसर, बोटं चाटली तर खारट लागली असती. शेवटच्या वळणाशी फट उघडते आणि एकदम सगळा उजेड अंगावर येतो.

वरची वाट माणसांनी खोदली आहे. कुणी दान दिलं, कुणी छिन्नी धरली, कुणी दगड वाहिले. खालची वाट समुद्रानं खोदली आहे. लाटा कड्याच्या पायथ्यावर आदळतात, तिथला दगड खातात, वरचा कडा आधार सुटून ढासळतो, लाटा तो फोडून नेतात आणि कडा आणखी मागे सरकतो. मागे उरतो तो हा सपाट खडक, ओहोटीला उघडा पडणारा. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. शाळेत मी ती आकृती रंगवली होती, पण आपण कधी त्या मंचावर चाललो आहोत हे तेव्हा मनात आलं नव्हतं. ज्यानं वाट केली त्यानं ती उघडायच्या आणि मिटायच्या वेळाही स्वतःकडे ठेवल्या आहेत. दिवसातून दोनदा तो ती देतो, दोनदा परत घेतो. पायऱ्यांपाशी धोक्याचा फलक लावला आहे. लाटेनं इथून माणसं ओढून नेली आहेत आणि अजूनही लोक पाण्याकडे पाठ करून फोटोला उभे राहतात. मला याचा फार त्रास होतो. एक तिथी विचारायची, एक गुणाकार करायचा, एवढंच तर असतं.

दहाला दहा मिनिटं कमी असताना मी खडकावर होते. समुद्र पंधरा-वीस पावलं दूर, नुसता हुंकारत होता. आणि उजव्या हाताला तो डोंगर, ज्यासाठी मी खरं तर आले होते.

कड्याच्या अंगाला जाळी पडली आहे. घावन तव्यावर टाकलं की त्याला जशी जाळी पडते, अगदी तशी. अंगठा जाईल एवढी भोकं, मूठ मावेल एवढी, काही ठिकाणी डोकं आत घालता येईल एवढ्या ढोल्या, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की बोटानं टिचकी मारायचा धीर होत नाही. मी एका भोकाजवळ डोळा नेला. आत एक इवलीशी गोगलगाय शिंपलं मिटून बसली होती आणि तळाशी पांढरी पूड होती. मीठ. हे काम मिठाचं आहे. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाला रेटतात. एक कण सुटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुषार, पुन्हा ऊन. खोलगट जागेत ओल जास्त टिकते, म्हणून खोल जागा आणखी खोल होते. दख्खनचा हा काळा दगड सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. छिन्नीला दाद देताना जो पाथरवटाचा घाम काढतो, त्याला चिमूटभर मीठ असं विणून टाकतं.

मी तळहात त्या जाळीवर टेकवला आणि तसाच चालत राहिले. बोटं भोकांतून निघत, भिंतींवर चढत, पुन्हा भोकात. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला का ठेवायचा, याची शास्त्रं पुष्कळ असतील. मला त्या वेळी एवढंच कळलं की त्या हातानं आपण जेवतो, लिहितो, पोराच्या कपाळावर ताप बघतो. ज्याच्याभोवती फिरायचं तो त्या हाताच्या बाजूला हवा.

पुढे एक बाई खडकावर उकिडवी बसून कालवं काढत होती. कासोटा आवळलेला, बाजूला अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, हातात टोकदार लोखंड. दगडाला चिकटलेल्या शिंपल्याच्या कडेवर एक टोला, झाकण उडायचं, आतला करडा मऊ जीव अलगद पातेल्यात. तिनं वर न बघता विचारलं, "एकट्याच?"

"आई देवळात बसलीय."

"मग चला बिगीबिगी. पाणी फिरलंय."

मला तर काहीच बदललेलं दिसत नव्हतं. मी घड्याळ बघितलं, दहा वाजून वीस मिनिटं. तिनं लोखंडाच्या टोकानं खडकातल्या एका डबक्याकडे बोट केलं. डबकं कडेला कोरडं होतं आणि त्याच्या समुद्राकडच्या तोंडाशी बोटभर पाणी आत येत होतं, जात होतं आणि प्रत्येक वेळी जरासं पुढे येत होतं. तेवढ्यावरून तिला कळलं होतं. तिनं पातेलं उचललं आणि चार हात वर, डोंगराच्या अंगाला जाऊन पुन्हा बसली. पाणी येईल तशी ती वर सरकत जाणार होती, तिचं सगळं आयुष्य त्या चार-चार हातांच्या सरकण्यात गेलं असावं.

कळस दिसला आणि मागोमाग ती भेग आली.

मी ती ओळखलीच नाही, न ओळखताच पार करून गेले असते. छत्तीस वर्षं ती माझ्या मनात गर्जत होती, फेस उडवत होती. आणि इथे खडकात एक साधी चीर, पाऊल टाकून ओलांडावी एवढी. अकरा वर्षांच्या मुलीला जे साडेतीन हात वाटले होते ते फार तर दीड हात असतील. मी कडेला बसले आणि आत बघितलं. तळ दिसत होता. खाली गोल गोटे होते, गुळगुळीत, कोंबडीच्या अंड्यासारखे, वर्षानुवर्षं त्याच भेगेत फिरून फिरून घासलेले. बाजूच्या भिंतीला गर्द लाल रंगाची दोन समुद्रफुलं मिटून गोळा झालेली, पाणी यायची वाट बघत. एक छोटा खेकडा शंख पाठीवर घेऊन गोट्यांमधून तिरपा चालला होता आणि माझी सावली पडताच आत गेला. आणि भेग आत, डोंगराच्या पोटात, अंधारात शिरत होती. त्या अंधारातून आलेला तो धडाम् मला आता कळला. लाट आत गेली की कोंडलेली हवा दबते आणि सुटताना पाणी वर फेकते. बाबांनी लाट मागे गेल्यावर उडी मारली असती, तर पुढची लाट त्यांना कड्यावरून नव्हे, खालून भेटली असती.

मी तिथे जरा जास्तच बसले. काकांची अकराची मुदत डोक्यात होती, तरीही. हात आत घालून एक गोटा उचलला. ओला, जड, हातात नीट बसणारा. मग तो परत होता तिथे ठेवला, कारण तो भेगेचा होता.

उठून पाऊल टाकलं, पलीकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. वाळूला पाय लागले तेव्हा अकराला पाच कमी होते.

आई होती तिथेच होती, खांबाला टेकून, जपाची माळ हातात आणि डोळे दाराकडे.

"पाणी कुठवर होतं?"

मी तिला सांगितलं. डबक्यातलं बोटभर पाणी, कालवं काढणारी बाई, जाळीतलं मीठ. भेगेबद्दल सांगताना माझी जराशी अडखळ झाली असावी, कारण तिनं माळ थांबवली.

"ओलांडलीस?"

"कोरडी होती, आई. तळाशी गोटे दिसत होते. एक खेकडाही होता."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावर चिकटलेली पांढरी पूड अंगठ्यानं पुसली.

"कोरडी असली तर चालतं," ती म्हणाली आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. अजून एकदा काळभैरवाला जायचं राहिलं होतं.